वर्गाचा ब्लॉग काढतेयस ना, मग हे वाच

प्रिय नव्या बाई,

तुझा एवढा मोठा मेसेज वाचला. सहावी, सातवी, आठवी तिन्ही वर्गांचं इतिहास-नागरिकशास्त्र तुझ्याच गळ्यात पडलंय, भूगोलाच्या बाई रजेवर गेल्या की तोही येईल, आणि अशात तुला वर्गाचा ब्लॉग काढायचाय. काढ की. फक्त ब्लॉगर घेऊ का वर्डप्रेस आणि टेम्प्लेट कुठलं हे मला विचारू नकोस, तुमच्या लॅबमधल्या त्या रडतखडत चालणाऱ्या पीसीवर जे उघडेल ते घे, दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हीवर मराठी नीट दिसतं. एक सांगते, रंग आणि फॉन्ट तू स्वतः ठरवून मोकळी हो, मुलांना विचारायला गेलीस तर अख्खा तास त्यातच जातो आणि शेवटी मागे किल्ल्याचा फोटो आणि वर पिवळी अक्षरं असलं काहीतरी होतं.

खरा प्रश्न हा की मुलं त्यावर लिहिणार काय. शाळांचे ब्लॉग मी अधूनमधून बघते, आणि बहुतेक ठिकाणी प्रकल्प वहीच असते गं, फक्त कागदाऐवजी स्क्रीनवर. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतून आणलेली चित्रं चिकटवायच्या ऐवजी गूगलवरून उचललेली चित्रं, विकिपीडियाचा एक परिच्छेद जसाच्या तसा, खाली 'धन्यवाद'. असल्या ब्लॉगसाठी राबायचं असेल तर राबू नकोस, त्यापेक्षा परिपाठाला मुलांकडून पेपर वाचून घे, जास्त फायदा होईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक पोस्टमध्ये 'हे मला कसं कळलं' हे आलंच पाहिजे. ते नाही तर पोस्ट चढवायची नाही, मग पोरगं कितीही हुशार असो आणि त्याची आई पालकसंघात असो. सातवीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ बघ, इतिहासाची साधने, आठवीलाही पहिला पाठ त्याच नावाचा. भौतिक, लिखित, मौखिक, मुलं धडाधड पाठ करतात, घटक चाचणीत लिहितात आणि विसरतात. कारण ती साधनं कायम दुसऱ्या कोणीतरी वापरलेली असतात, मुलांच्या हातात येतो तो निकाल. ब्लॉगचा उपयोग इथे आहे. वही फक्त बाई वाचतात आणि बाईंना सगळं माहीतच असतं अशी मुलांची समजूत, त्यामुळे बाईंना काही पटवून द्यायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. तेच न्यू जर्सीतला कोणाचा तरी मामा वाचणार म्हटलं, शेजारच्या तुकडीतली मुलं वाचणार म्हटलं, की कोणीतरी विचारणार 'हे कशावरून?' आणि मग उत्तर तयार ठेवावं लागतं.

आता प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते. सातवीतला एक मुलगा पानशेतच्या पुरावर लिहून घेऊन आला. '१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले व पुण्याचे अतोनात नुकसान झाले.' चूक काहीच नाही, पण पुढे वाचावं असंही काही नाही. मी म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं, तर म्हणे नेटवर आहे. घरी कोणी होतं का तेव्हा पुण्यात? होती ना, आजी, नारायण पेठेत राहायची, तेव्हा माझ्याएवढीच होती. मग जा आणि विचार, नुसतं 'पूर कसा होता' असं विचारू नकोस, पाणी आलं तेव्हा ती काय करत होती ते विचार. तर नंतर आणलेलं लिखाण असं, की नदीला पाणी चढलंय म्हणून लोक लकडी पुलाकडे बघायला चालले होते, तिलाही जायचं होतं पण आईने तांदूळ निवडायला बसवलं म्हणून ती चिडून बसली होती, आणि तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला आणि सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे निघाले. परत आले तर घरात चिखल, आणि ते निवडलेले तांदूळ डब्यात कुजून त्याचा वास. खाली त्याने लिहिलं, 'हे मला आजीने सांगितले, तांदळाचे सांगताना ती हसली पण वासाचे सांगताना हसली नाही.' ही शेवटची ओळ त्याला कोणी शिकवली नव्हती बरं का.

आणि मजा पुढेच आहे. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा ठाम की पाणी सकाळी आलं, दुसऱ्या एकाची आजी म्हणते छे, दुपारनंतर. वर्गात भांडण, कोणाची आजी खोटं बोलते. अशा वेळी तू पटकन उत्तर देऊन मोकळी होऊ नकोस, तोंडाशी आलं तरी गिळ. नकाशा काढायला लाव. पानशेत धरण अंबी नदीवर, तिथून खाली मुठेवर खडकवासला. सकाळी पानशेत फुटलं, तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि त्याच दिवशी पुढे खडकवासलाही गेलं. म्हणजे धरणं दोन, पाणी चढत गेलं, घर नदीपासून किती लांब आणि किती उंचावर ह्यावर कोणाला कधी दिसलं ते ठरणार, तेव्हा दोन्ही म्हातारी माणसं खरं बोलत असतील. हे मुलांनी स्वतः शोधलं की त्यांना मौखिक साधन म्हणजे काय आणि ते तपासायचं कसं हे परत शिकवावं लागत नाही. त्यातूनच पुढे सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांना वसवलं गेलं हे येतं, आणि वर्गात कोणीतरी असतंच ज्याच्या पत्त्यात 'पूरग्रस्त वसाहत' असतं आणि ज्याने आजवर कधी विचार केलेला नसतो की हे नाव कशामुळे.

विषय मोठे देऊ नकोस. 'पेशवाई' हा विषय नाही, 'फडके हौद चौकात हौद कुठाय' हा विषय आहे. मुलं रोज त्या चौकातून बसने जातात, कंडक्टर ओरडतो फडके हौद, आणि कोणाच्या मनात येत नाही की हौद कसला. मग नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ घालून, पंपबिंप काही नसताना, नुसत्या उताराने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं हे सगळं आपोआप येतं. पोस्टचं शीर्षक प्रश्नच असू दे, म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारी येते.

आठवीच्या मुलांना महात्मा फुले म्हटलं की १८४८, भिडे वाडा, मुलींची पहिली शाळा एवढं तोंडपाठ असतं. (भिडे वाड्याचा फोटो काढायला पाठवू नकोस, जुनी इमारत २०२३ च्या शेवटी स्मारकासाठी पाडली. पण 'जागा आहे आणि वास्तू नाही, मग साधन कुठलं उरलं' हाही एक चांगला प्रश्न आहे, जमलं तर घे.) त्यांना मंडईत पाठव. ती इमारत १८८६ ला उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्यावरून. आणि फुले १८७६ पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते, मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला त्यांचा विरोध होता, पैसा शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं. आज त्याच इमारतीला त्यांचं नाव आहे! हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघ. मग कोणी लिहितं नाव देणं बरोबर, कोणी लिहितं त्यांना आवडलं नसतं, आणि दोघांनाही कारण द्यावं लागतं. इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात का छापलंय ते अशा दिवशी पटतं, एरवी ते नुसतं दप्तर हलकं करायला केलंय असंच वाटतं.

नागरिकशास्त्राला तर ब्लॉगशिवाय मला आता शिकवताच येणार नाही असं वाटतं. सहावीला शहरी स्थानिक शासन संस्था शिकवतेस ना, पुस्तकात लिहिलंय लोक नगरसेवक निवडून देतात. पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढे थेट जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच नव्हती, कारभार प्रशासकाकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तेव्हा मुलांनी घरी विचारलं आपले नगरसेवक कोण, तर अर्ध्या घरांत जुन्याच माणसाचं नाव आलं आणि उरलेल्यांत वडील म्हणाले कोणी नाही. पुस्तक एक म्हणतंय, घरचे दुसरं म्हणतायत, मग नियम काय आणि चाललंय काय हे दोन्ही लिहा. राजकीय होईल म्हणून घाबरू नकोस, पक्षाचं नाव घ्यायचं नाही एवढं पथ्य पाळलंस की बास. किंवा सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंशी बोलायला लाव. ती कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, त्या महापालिकेच्या नोकर नाहीत, हे बहुतेक मुलांना माहीत नसतं आणि खरं सांगू का, बहुतेक पालकांनाही नसतं.

कमेंटचं वेगळं शिकवावं लागतं. सोडलंस तर तीस वेळा 'छान' आणि अंगठे. माझा नियम, कमेंटमध्ये एक तरी प्रश्न हवा. 'छान लिहिलंस, पण तुझी आजी कुठल्या मजल्यावर होती?' ही कमेंट. आणि सगळ्या कमेंट आधी तुझ्याकडे याव्यात, ते सेटिंग पहिल्या दिवशीच कर. आपल्याकडे इतिहासावर मोठी माणसं कशी भांडतात तुला माहितीये, कोणाचा तरी काका फॅमिली ग्रुपवर लिंक टाकणार, आणि बारा वर्षांच्या पोराच्या पोस्टखाली जातीपातीवरून सुरू होणार. त्यापेक्षा पहिलं सत्र ब्लॉग पालक आणि शाळा एवढ्यांनाच दिसेल असा ठेव, मग बघू.

लाल पेन जरा आवर. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी बघ, आधी 'कसं कळलं' बघ. ज्यांना लिहायला जड जातं त्यांना आईच्या फोनवर बोलून टाइप करू दे, मराठी व्हॉइस टायपिंग आता बरंच बरं आहे, नंतर दुरुस्त करता येतं. सगळ्या वर्गाची पोस्ट एकाच आठवड्यात घेतलीस तर तू मरशील, एका आठवड्याला एक गट, बाकीचे वाचक. मार्क आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, बसव, प्रकल्पाच्या रकान्यात जातं, पण ओळी मोजून देऊ नकोस नाहीतर परत विकिपीडिया येईल.

आणि हे कंटाळवाणं आहे पण चुकवू नकोस. मुलांची स्वतःची अकाउंट काढायची नाहीत, गूगलला तेरा पूर्ण लागतात आणि तुझे सहावीचे अकरा-बाराचे, त्यामुळे चढवायचं तूच. पूर्ण नाव नाही, चेहऱ्याचा फोटो नाही, गणवेशातला तर नाहीच, आजीच्या घराचा नंबरही नाही. आजीलाही विचारायचं, हे टाकू का म्हणून, काही गोष्टी नातवाला सांगितलेल्या असतात, जगाला नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल धरतो आणि पालकांची संमती मागतो, म्हणून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांचा सहीचा फॉर्म, दोन्ही. जूनच्या पहिल्या पालकसभेलाच सह्या घे, फॉर्म आदल्या दिवशीच छापून ठेव, आणि जे पालक नाही म्हणतील त्यांच्या मुलांची पोस्ट छापून वर्गाच्या फळ्याशेजारी लाव, त्यांनाही वाचक मिळतातच.

तुझी,
मोठ्या बाई