मोजमापासाठी डेटम कोणता धरावा: बोअर की फेस?

गिअरबॉक्सच्या हाउसिंगची तपासणी करताना पहिला डेटम (ज्याला आधार धरून बाकीची मापे घेतात तो पृष्ठभाग किंवा अक्ष) बेअरिंगचा बोअर (गोल छिद्र) धरावा की बसवणीचा फेस (सपाट पृष्ठभाग), असा आपला प्रश्न आहे. जोडणीत जो पृष्ठभाग समोरच्या भागावर प्रत्यक्ष टेकतो तोच पहिला डेटम असावा, म्हणजे येथे मशिनिंग केलेला फेस. तो भागाच्या सहा हालचालींपैकी (तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे) तीन रोखतो. उरलेल्यांपैकी दोन बोअरने आणि शेवटची, म्हणजे फिरणे, डॉवेलच्या (जागा पक्की करणाऱ्या पिनच्या) छिद्राने रोखली जाते.

आखूड बोअरचा अक्ष पहिला डेटम करणे मात्र कटाक्षाने टाळावे. समजा, बोअर १० मिमी खोल आहे आणि तेवढ्या लांबीत अक्षाचा कल ठरवताना ५ मायक्रॉनची चूक झाली, तर २०० मिमी अंतरावर तीच चूक १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिमी होते आणि चांगला भाग विनाकारण नापास ठरतो.

फेस निवडला तरी तो आधी तपासावा. कडेचा बर (मशिनिंगनंतर राहिलेली धातूची धारदार कोर) काढून, पुसून, भाग सरफेस प्लेटवर (तपासणीच्या अगदी सपाट पाटावर) ठेवावा आणि एकेक कोपरा बोटाने दाबून पाहावा. तो डुलत असेल, तर दर वेळी वेगळे माप येणारच. सीएमएमवर (भागावरील बिंदूंची जागा मोजणाऱ्या यंत्रावर) केवळ तीन बिंदू घेऊन प्रतल ठरवू नये, कारण तीन बिंदूंतून सपाटपणाची चूक नेहमी शून्यच दिसते. बिंदू अधिक घ्यावेत आणि ते पूर्ण फेसवर पसरलेले असावेत. ओतीव, मशिनिंग न झालेल्या पृष्ठभागाचाच आधार घ्यावा लागला, तर ड्रॉइंगवर डेटम टार्गेटच्या (आधारासाठी ठरवलेल्या बिंदूंच्या किंवा छोट्या भागांच्या) जागा नेमून द्याव्यात.