फ्लॅशर बदलायच्या आधी हे बघ
अरे, गाडीचे इंडिकेटर नीट चालत नाहीत म्हणून लगेच फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलू नकोस. दोन्ही बाजू गडबड करतायत की एकच? एकच असेल तर फ्लॅशर बहुतेक ठीकच आहे, तो दोन्हीकडे कॉमन असतो ना. कस्टम गाडीत निम्मं दुखणं अर्थिंगचं असतं, फ्रेमला पावडर कोटिंग (रंगाचा थर, त्यातून करंट जात नाही) केलेलं आणि इंडिकेटर त्यावरच आवळलेला, मग करंट परत जाणार कुठून? बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक सुटी वायर थेट इंडिकेटरच्या बॉडीला टेकव, पेटला की कळलंच, मग बोल्टखालचा रंग खरवड नाहीतर वेगळी अर्थ वायर ओढ (मी तर वायरच ओढेन, पेंट कशाला खराब करायचा).

एलईडी लावलेत आणि भराभर ब्लिंक होतायत तर तो लोडचा प्रॉब्लेम. 10 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण 0.8 अँपिअर घेतो, एलईडी त्याच्यापुढे काहीच घेत नाही, त्यामुळे जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय. लोड वाढवायला रेझिस्टर लावतात लोक पण तो जाम तापतो, त्यापेक्षा एलईडीवाला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घे, फक्त पिना जुळवून लाव.

आणि एक बाजू दिली की चारही इंडिकेटर लागत असतील तर मीटरमधला इंडिकेटरचा दिवा बघ. एकच दिवा दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असेल तर त्यातूनच करंट पलीकडे जातो, एलईडीला तेवढा पुरतो. दोन्ही बाजूंच्या वायरी एकेक डायोडमधून (तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो) दिव्याच्या एका टोकाला आण, डायोडवरचा पट्टा दिव्याकडे, दुसरं टोक अर्थला. जोड सोल्डर कर, नुसती टेप गुंडाळू नकोस.