आवाज तुटतोय? आधी चार्जर काढून बघा

प्रश्न (लातूर) : सर, पोरीची नीटची तयारी चालू आहे, लेक्चर लावलं की लॅपटॉपमधून कर्रकर्र येतं, शब्द मधेच तुटतात, इअरफोन लावला तरी तेच. स्पीकर बदलावा का?

उत्तर : नका बदलू ताई, इअरफोनमध्ये पण येतंय म्हणजे स्पीकरचा दोष दिसत नाही. आधी लेक्चर चालू असतानाच चार्जर काढा. कर्रकर्र लगेच थांबली तर गडबड अर्थिंगची किंवा चार्जरची, आपल्याकडं जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं पण मागं वायरच नसते, ते वायरमनकडून तपासून घ्याच, कारण हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही, शॉकचा पण आहे.

बॅटरीवर पण तुटतंय? मग डाउनलोड केलेलं लेक्चर वायफाय बंद करून ऐका. नीट चाललं तर नेट कमी पडतंय किंवा वायफायचा ड्रायव्हर (म्हणजे वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अडवतोय, तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून अपडेट करा. तरीही तुटलं तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट (आवाजाला आपोआप इफेक्ट देणारी सोय) बंद करा, तिथंच फॉरमॅट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) ४८००० हर्ट्झ असेल तर ४४१०० करून बघा. एका वेळी एकच बदल करा हं, नाहीतर कशानं बरं झालं ते कळतच नाही.