एस्सिटालोप्राम चालू असताना गुडघ्याला जेल, बाम लावलेले चालते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचे वय ६४, दोन महिन्यांपासून डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम चालू आहे. दोन्ही गुडघे दुखतात म्हणून दिवसा डायक्लोफेनॅकचे जेल आणि रात्री बाम चोळून वर गरम पाण्याची पिशवी. केमिस्टने "डिप्रेशनच्या गोळीबरोबर पेनकिलर चालत नाही" म्हटल्यापासून त्या गोळीच बंद करायला निघाल्या आहेत.

आधी हे सांगतो: गोळी बंद करू देऊ नका. अशी गोळी एकदम सोडली की दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, चिडचिड आणि झोपमोड सुरू होऊ शकते. शिवाय दोन महिन्यांत आत्ता कुठे गुण यायला लागलेला असतो. गुडघ्याच्या जेलपायी तो घालवायचे काहीच कारण नाही.

केमिस्टचे म्हणणे खोटे नाही, अर्धे आहे. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात, आणि त्या कामात त्यांच्यातले सेरोटोनिन मदत करते. प्लेटलेटना ते स्वतः तयार करता येत नाही, रक्तातून ओढून घ्यावे लागते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही डिप्रेशनची औषधे नेमकी ती ओढण्याची वाट अडवतात. एकट्या गोळीने सहसा काही बिघडत नाही. पण वर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन पोटात गेले की ते जठराचे अस्तरही दुबळे करते आणि प्लेटलेटनाही आणखी मंद करते. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, साठीपुढे तर जास्तच. म्हणजे खरी भीती पोटात जाणाऱ्या पेनकिलरची आहे.

जेलमधून रक्तात किती जाते? १ टक्का डायक्लोफेनॅक जेल एका गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा लावले, तर गोळ्यांच्या पूर्ण डोसच्या मानाने साधारण ६ टक्के औषध रक्तात पोचते. दिवसाला ४८ ग्रॅम फासले तर तेच २० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडच्या ट्यूबवर '१.१६ टक्के डायक्लोफेनॅक डायइथिलअमाईन' लिहिलेले असते, ते या १ टक्क्याच्या बरोबरीचेच. घरी वजन कोण करणार, म्हणून सोपा हिशेब: दोन्ही गुडघ्यांना प्रत्येकी २ ग्रॅम, तीन वेळा, म्हणजे दिवसाला १२ ग्रॅम. या वापराने ३० ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपते. आईंची ट्यूब आठवडाभर पुरत असेल तर त्या फारच कमी लावताहेत, एस्सिटालोप्रामबरोबर निर्धास्त चालू द्या. रोज जवळजवळ एक ट्यूब संपत असेल, कंबर, खांदे, पोटऱ्या सगळीकडे चोळले जात असेल, तर मात्र हात आवरायला हवा.

आता ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा, कारण गफलत तिथे होते. व्होलिनीसारख्या जेलमध्ये डायक्लोफेनॅकबरोबर १० टक्के मेथिल सॅलिसिलेट असते. मूव्ह, आयोडेक्समध्ये गंधपुरा तेल असते, आणि गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ शुद्ध मेथिल सॅलिसिलेट, अॅस्पिरिनच्याच कुळातले. तेव्हा दिवसा व्होलिनीसारखे जेल आणि रात्री बाम म्हणजे त्याच घटकाची दोनदा भर पडते. आयुर्वेदिक लिहिले आहे म्हणून ते हिशेबाबाहेर जात नाही. दोहोंपैकी एकच ठेवा, माझे मत साध्या डायक्लोफेनॅक जेलच्या बाजूने.

शेकाबद्दल विशेष काळजी घ्या. उष्णतेने कातडीखालचे रक्ताभिसरण वाढते आणि औषध भराभर आत जाते. बामवर गरम पिशवी ठेवली किंवा क्रेप बँडेज घट्ट गुंडाळले तर भाजल्यासारखे फोडही येतात. शेक हवाच असेल तर आधी शेकून घ्या, कातडी पूर्ण थंड होऊ द्या, मग जेल लावा. लावल्यावर हात धुवा, आणि खरचटलेल्या जागी किंवा पुरळावर लावू नका. सुट्ट्या गंधपुरा तेलाची बाटली नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका. चमचाभर पोटात गेले तरी लहान मुलाच्या जिवावर बेतते.

जेलने भागले नाही तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० घ्या, दोन गोळ्यांत ६ तासांचे अंतर, या वयात दिवसाला ३ ग्रॅमच्या आत (यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). कॉम्बिफ्लाम नको, त्यात आयबुप्रोफेन आहे. आणि कुणी गुडघ्यासाठी ट्रामाडॉल ही जोरदार पेनकिलर लिहून दिली तर एस्सिटालोप्राम चालू आहे हे तिथल्या तिथे सांगा. सेरोटोनिन वाढून घाम, थरथर, धडधड, बेचैनी होण्याचा प्रकार ट्रामाडॉलने होऊ शकतो, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या खोकल्याच्या सिरपनेही. गुडघ्याच्या जेल-बाममुळे हे होत नाही.

हेच वाचून दुसरे कोणी आपापली औषधे ताडून बघणार असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अॅमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन (डिप्रेशनच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या) घेणाऱ्यांनी चोंदलेल्या नाकाचे झायलोमेटाझोलीन, ऑक्सिमेटाझोलीन थेंब विचारल्याशिवाय घेऊ नयेत, बीपी आणि ठोके वाढू शकतात. त्यांना मिठाच्या पाण्याचे थेंब बरे. काचबिंदूसाठी टिमोलॉल थेंब घालणाऱ्यांनी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन सुरू होताना डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवावे. थेंब डोळ्यात घातले तरी टिमोलॉल रक्तात उतरते, ते यकृतात मोडणारे एन्झाईम या गोळ्या अडवतात, आणि नाडी मंदावते.

आईंना हृदयासाठी अॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन असे रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर वरची मोकळीक लागू नाही. वॉरफरिनवर असलेल्यांनी मेथिल सॅलिसिलेटचा बाम बंदच ठेवावा, कारण नुसता चोळूनही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) वाढतो. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर जेलचेही डॉक्टरांना विचारून ठरवा. आधी अल्सर झालेला असेल तरी तेच.

कशाने सावध व्हायचे: डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी चिकट नसते), कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभे राहताना अंधारी. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. हिरड्यांतून रक्त येणे किंवा न लागता काळेनिळे डाग पडणे दिसले तर जेल थांबवून एक-दोन दिवसांत दाखवा. जाताना ट्यूब, बामची डबी आणि सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. "कुठले औषध चालू आहे?" विचारल्यावर लावायचे औषध सांगायचे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.