'पुट' आणि 'कट' यांचे यमक का जुळत नाही? इंग्रजीतले यमक जुळणारे शब्द अर्थासह कुठे मिळतील?

तुम्ही विचारले आहे की मुलगी मराठी माध्यमात तिसरीत आहे, गृहपाठात इंग्रजीतले 'राइमिंग वर्ड्स' अर्थासह लिहून न्यायचे होते, आणि तिने लिहिलेली 'पुट – कट' ही जोडी बाईंनी चूक दिली. दोन्ही शब्दांच्या शेवटी यू-टी आहे, मग चूक कशी?

जोडी चूकच आहे. पण त्यात तुमच्या मुलीचा दोष नाही, तिला कोणीतरी स्पेलिंग बघून जोड्या लावायला शिकवले आहे. मी एकवीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. यमकाच्या शब्दांइतका मुलांना आवडणारा, आणि तरीही फळ्यावरून नुसता उतरवून घेतला जाणारा, दुसरा भाग मी पाहिला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यमक कानाने ओळखायचे. शब्दात जोर दिलेला शेवटचा स्वर धरायचा, तिथून शब्द संपेपर्यंतचे सगळे आवाज सारखे हवेत, आणि त्या स्वराच्या आधीचे व्यंजन वेगळे हवे. बस, इतकाच नियम. 'पुट' म्हणजे ठेवणे, त्याचा स्वर ऱ्हस्व उ. त्याला जुळतो 'फुट' म्हणजे पाऊल (आपण 'फूट' असा लांबवतो, इंग्रजीत तो आखूड आहे) आणि 'सुट' म्हणजे काजळी. 'कट' म्हणजे कापणे, त्यात स्वर अ. त्याच्याशी बट (पण), हट (झोपडी), नट (कठीण कवचाचे फळ), शट (बंद करणे) जुळतात. 'पुट' आणि 'कट' एकदा मोठ्याने म्हणा, मुलगी लगेच म्हणेल की हे जुळत नाही.

जोराची अट का घातली तेही सांगते. 'कंट्री' म्हणजे देश. त्याच्या शेवटी 'ट्री' ऐकू येते, म्हणून मुले त्याला झाडाच्या 'ट्री'शी जुळवतात. पण 'कंट्री'त जोर 'कं'वर आहे, शेवटचे 'ट्री' हलके पडते. 'ट्री'ला फ्री (मोकळा), थ्री (तीन), नी (गुडघा), बी (मधमाशी), की (किल्ली) हे खरे जोडीदार. आणि रात्रीचा 'नाइट' व चिलखत घातलेला सरदार 'नाइट' यांचे यमक होत नाही, कारण तो आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे.

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. एका मुलीने पाटीवर 'गुड, फूड, ब्लड' असे एका ओळीत लिहून आणले. तिन्हींच्या शेवटी डबल ओ आणि डी, म्हणून. मी काही बोलले नाही. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तिन्ही शब्द सावकाश म्हटले, दोन-दोनदा. डोळे मिटलेले असतानाच ती म्हणाली, "बाई, गुड छोटा आहे, फूड लांब आहे. आणि ब्लड तर वेगळाच आहे." झाले, तिला यमक कळले. मग आम्ही तीन रकाने केले. 'गुड'खाली वुड (लाकूड), स्टुड (उभा राहिला) आणि शुड, कुड. या शेवटच्या दोघांच्या स्पेलिंगमध्ये एल आहे, तरी ते जुळतात हे पाहून वर्ग हरखला. 'फूड'खाली मूड आणि रूड (उद्धट). 'ब्लड'खाली फ्लड (पूर), मड (चिखल), बड (कळी). तिने ते रकाने पुसू नयेत म्हणून पाटी दप्तरात उलटी घालून घरी नेली.

यातूनच मला माझी पद्धत सापडली. इंग्रजी शब्द आधी देवनागरीत लिहायचा. आपल्या पिढीने 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असे घोकले, त्यात अक्षरे पाठ झाली आणि आवाज मागे राहिला. देवनागरी उच्चार लिहिते. शिवाय मराठीजवळ ॲ आणि ऑ ही दोन चिन्हे आहेत, ती इथे सोन्यासारखी उपयोगी पडतात. हिंदीत 'बैट' लिहिले जाते, आपण 'बॅट' लिहितो, त्यामुळे 'बॅट' आणि 'बेट' (पैज) आपल्याला डोळ्यांनीही वेगळे दिसतात. ओ-एन-ई हे शेपूट घ्या. वन (एक) आणि डन (केलेले) एका घरातले, त्यांच्यासोबत सन, रन, फन, गन. 'गॉन' (गेलेला) एकटा बाजूला. बोन (हाड), स्टोन (दगड), फोन, अलोन (एकटा) तिसऱ्या घरात. हे देवनागरीत लिहिले की स्पेलिंगचा गोंधळ उरतच नाही.

एका ठिकाणी मात्र देवनागरीही फसवते, आणि हे मला कुठल्याच मार्गदर्शकात लिहिलेले दिसले नाही. आपल्याकडे आखूड ए आणि लांब ए यांना वेगळी चिन्हे नाहीत. लिहायचे 'पेन' आणि दुखण्याचे 'पेन' आपण सारखेच लिहितो. इंग्रजीत पहिल्याचे जोडीदार टेन (दहा), हेन (कोंबडी), डेन (प्राण्याची गुहा), आणि दुसऱ्याचे रेन (पाऊस), ट्रेन, ग्रेन (धान्य), ब्रेन (मेंदू). 'टेस्ट' म्हणजे परीक्षा आणि 'टेस्ट' म्हणजे चव यांचेही तसेच. सगळ्यात कठीण 'वेस्ट'. पश्चिम दिशा, आत घालायचा बनियन, कंबर आणि वाया घालवणे, हे चारही शब्द मराठीत 'वेस्ट'च लिहिले जातात. पश्चिम आणि बनियन यांना बेस्ट, नेस्ट (घरटे), रेस्ट जुळतात. कंबर आणि वाया घालवणे यांना चवीचे टेस्ट, पेस्ट आणि हेस्ट (घाई). मी यावर अवग्रहाचा उपाय करते. लांब ए असला की 'पेऽन', 'वेऽस्ट' असे लिहायला सांगते. मुलांना तो ऽ फार आवडतो, हाक मारताना काढतो तसा आवाज ती लांबवतात. तुमच्या मुलीला हा ऽ आजच शिकवा.

स्पेलिंग असे का फसवते, हेही थोडक्यात सांगते, कारण मोठी मुले विचारतातच. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर हळूहळू सरकले. त्याच सुमारास, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला आणि पुढे स्पेलिंगे छापील रूपात गोठत गेली. बोलणे पुढे गेले, लिहिणे मागे राहिले. 'नाइट'मधले जी-एच एके काळी खरोखर उच्चारले जाई, घशातून काढलेल्या ख़सारखे. रात्रीला जर्मनमध्ये आजही 'नाख़्ट' म्हणतात. तेव्हा रात्रीचा 'नाइट' आणि पतंगाचा 'काइट' जुळत नव्हते, आज जुळतात. उलट, १७०० च्या आसपास चहाच्या 'टी'चा उच्चार 'टे' असाही होता आणि कवी त्याला 'ओबे' (आज्ञा पाळणे) जुळवत. पुढे ई-ए असलेले बहुतेक शब्द 'ई'कडे गेले: सी (समुद्र), मीट (मांस), हीट (उष्णता). तीन मात्र जुन्या जागी राहिले, ग्रेट, ब्रेक (मोडणे) आणि स्टेक (मांसाचा जाड तुकडा). म्हणून 'ग्रेट'ला लेट, गेट (फाटक), वेट (थांबणे) आणि आठाचा 'एट' हे जुळतात, 'मीट' जुळत नाही.

ओ-व्ही-ई हा माझा स्वतःचा दुखरा भाग आहे. एका छापील गाइडमध्ये 'लव्ह – मूव्ह' ही जोडी उत्तर म्हणून दिली होती आणि मी ती तीन वर्षे तशीच शिकवली. त्या मुलांची मला आजही आठवण येते. बरोबर असे आहे: लव्हला ग्लव्ह (हातमोजा), डव्ह (पारवा), अबव्ह (वर), मूव्हला प्रूव्ह (सिद्ध करणे) आणि ग्रूव्ह (खाच), आणि स्टोव्हला ड्रोव्ह (गाडी हाकली). ई-ए-आरचेही असेच: हिअर (ऐकणे), फिअर (भीती), निअर (जवळ) एकीकडे, बेअर (अस्वल), पेअर (नासपती), वेअर (अंगात घालणे) दुसरीकडे, आणि त्यांच्या पंक्तीला चेअर, हेअर, केअर.

आता गृहपाठापुरते, सोपे आणि खात्रीचे. कॅट (मांजर), रॅट (उंदीर), मॅट (चटई), हॅट (टोपी), फॅट (लठ्ठ), सॅट (बसला). किंग (राजा), रिंग (अंगठी), विंग (पंख), सिंग (गाणे), ब्रिंग (आणणे). लाइट (उजेड), राइट (बरोबर), काइट (पतंग), बाइट (चावणे), व्हाइट (पांढरा), हाइट (उंची). आखूड ए घेऊन: बेल (घंटा), वेल (विहीर), शेल (शिंपला), स्मेल (वास), टेल (सांगणे). लांब ए घेऊन: लेऽक (तळे), केऽक, स्नेऽक (साप), शेऽक (हलवणे). ब्लू (निळा), शू (बूट), टू (दोन), हू (कोण), थ्रू (आरपार), यांचे एकाचे स्पेलिंग दुसऱ्यासारखे नाही, तरी यमक पक्के.

अर्थ पाठ करून घेऊ नका, दोन शब्दांचे एक चित्र काढायला लावा. शिंपल्याच्या शेलमध्ये बसून घंटेची बेल वाजवणारा कोणी, तळ्यात पोहणारा साप. माझ्याकडची मुले चित्राखाली दोन्ही शब्द लिहितात आणि अर्थ वेगळा विचारावा लागत नाही.

काही शब्दांना जोडीदार मिळत नाही. 'मंथ' (महिना) आणि 'ऑरेंज' हे रोजच्या वापरातल्या शब्दांत एकटेच राहतात. शोधून दमलेल्या मुलाला हे सांगून टाकावे.

मुलगी अजून मोठी झाली की तिला लंडनच्या पूर्व भागातली गंमत सांगा. तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात यमकांचीच बोली केली. जिन्याला म्हणजे 'स्टेअर्स'ला ते 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणतात, फोनला 'डॉग अँड बोन'. डोके म्हणजे 'हेड', त्याला जुळणारे 'लोफ ऑफ ब्रेड' घेतले आणि पुढे यमकाचा शब्दच गाळून नुसते 'लोफ' ठेवले. 'लोफ वापर' म्हणजे डोके चालव. यमक माहीत नसेल तर अर्थ लागतच नाही.

आणखी एक. पावसाच्या आपल्या गाण्यात 'खोटा'ला 'मोठा' चालतो, ट आणि ठ आपला कान सहज माफ करतो. त्यामुळे मुलीने 'होम – अलोन'सारखी जवळपासची जोडी आणली तर रागावू नका, कविता करणारे अशा जोड्या घेतात. शाळेच्या वहीत मात्र तूर्त 'होम – रोम' (रोम शहर) लिहा आणि 'पुट'समोर 'फुट'.