थोरल्याच्या सहीवर घर घ्यावं का?

प्रश्न : गोव्यात फोंडा तालुक्यात ९०० चौरस मीटर भाटासह (माडांच्या बागायतीसह) जुनं घर विकायला आहे. मालक वारले, पत्नी आणि तीन विवाहित मुलं आहेत. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर आणि घरपट्टीच्या पावतीवर थोरल्या मुलाचं नाव आहे. मुंबईच्या भावानं आणि डिचोलीच्या बहिणीनं तोंडी हक्क सोडल्याचं तो सांगतो. ५ लाख टोकन मागतोय. द्यावं का?

उत्तर : इतक्यात एक रुपयाही देऊ नका. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे, आणि एक-चौदावरचं नावही मालकीचा पक्का पुरावा नाही.

हिशेब पाहा. लग्नावेळी वेगळा करार नसेल, तर गोव्याच्या कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे अर्धं घर आजही आईचं. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या अर्ध्याचे तीन वाटे होतात, मुलीलाही मुलाइतकाच; प्रत्येकी एक षष्ठांश. हा वाटाही त्या-त्या जोडप्यात सामाईक होतो. थोरल्याच्या एकट्याच्या पदरात उरतो एक द्वादशांश, आणि तुमच्याकडून पैसे तो पूर्ण घराचे मागतोय! स्वतःच्या पत्नीच्या सहीशिवाय तर तेवढाही त्याला विकता येत नाही.

तोंडी हक्कसोड इथं चालत नाही. आधी विशेष नोटरीपुढे वारसाचा दस्त, म्हणजे डीड ऑफ सक्सेशन, करून घ्यायला सांगा. त्यातून वारस कोण एवढंच ठरतं, वाटणी होत नाही. सगळे राजी असतील तर वाटणीची गरज नाही : आई, तीन मुलं, सून, दुसरी सून, जावई अशा सातही जणांच्या सह्यांनी विक्रीखत नोंदवा. मुंबईच्या जोडप्याला येणं जमत नसेल तर दोघांचंही मुखत्यारपत्र लागेल. एक जण जरी अडला तरी प्रकरण दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीला, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कामकाजाला, जातं. तोवर थांबा.

कागदांइतकंच भाट पायी फिरणं गरजेचं आहे. मागच्या माडांत वेगळा घर क्रमांक असलेलं छोटं घर दिसलं, तर तिथं कोण राहतं ते विचारा. एक-चौदावरचे कूळ आणि इतर हक्कांचे रकाने वाचा, मामलेदार कार्यालयात मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या भाटात घर करून राहणाऱ्यांची, नोंद तपासा. भाटकार, म्हणजे भाटाचा मालक, बदलला म्हणून मुंडकाराचा हक्क जात नाही. घर विकत घेण्याचा अधिकारही त्याला १९७५च्या कायद्यानं आहे. बोजा नसल्याच्या दाखल्यात हे दिसणार नाही, कारण त्यात फक्त नोंदणी झालेले व्यवहार येतात.