हातातोंडाशी आलेला बास

प्रश्न : गळाला लागलेला भलामोठा बास मासा काठापर्यंत येतो, उडी मारतो आणि गळ झटकून सुटतो. काय चुकतं?

उत्तर : काठापाशी दोर आखूड उरतो, झटका शोषायला दोरात लवचीकपणाच राहत नाही. माशाने डोकं हलवलं की ओठातलं छिद्र रुंदावतं, गळ निसटतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोर सुटावा हे ठरवणारा ब्रेक, आधीच स्प्रिंगकाट्याने दोराच्या क्षमतेच्या पाव भागावर लावा; 6 किलोच्या दोराला दीड किलो. पाण्यातला दोर वर चढू लागला म्हणजे उडी येणारच! काठीचं टोक खाली झुकवा, दोर मात्र ढिला पडू देऊ नका. जाळं पाण्यात स्थिर धरून मासा डोक्याकडून आत घ्या. आणि एवढ्या जड माशाला नुसत्या जबड्याने आडवं कधीच धरू नका, जबडा दुखावतो. दुसरा हात पोटाखाली हवाच.